शब्द मागायला

नंदुरबारच्या पथारींवर मिरची वाळत होती
त्या आठवड्यात शीलासकाका गेले.
एसटीतून उतरलेले सगळेच डोळे चोळत आले,
त्यामुळे खरं कोण रडतंय ते कळेना.

पाळक होते. विसरवाडीच्या पुढे, डोंगराखालच्या मंडळीत,
एकोणतीस वर्षं.
घंटा म्हणजे चिंचेला टांगलेला रुळाचा तुकडा.
उपदेश आखूड. म्हणायचे,
"देवाला सगळं ठाऊक आहे, आणि तुम्हाला भूक लागली आहे."
रात्री ग्रीक वाचत.
काकूची झोप मोडू नये म्हणून कंदिलाच्या काचेला
एका अंगाने पंचांगाचं जुनं पान डकवलेलं.

आमच्या आज्याने नदीत उभं राहून नवं नाव घेतलं
त्या वर्षी त्याच्या भावाने बांधावर काटे टाकले.
पुढे कारण विसरलं, काटे राहिले.
मग एका मोहाच्या झाडावरून कोर्ट,
मग लग्नाचं बोलावणं बंद,
मग मयतीला जाणं बंद.
आम्ही पोरं शाळेत एका बाकावर.
दोघांचं आडनाव गावितच, हजेरीत एकामागून एक,
आणि घरी सांगायचं नाही.

काकांनी समेट हा शब्द कधी तोंडातून काढला नाही.
त्यांना कोश करायचा होता, आमच्या बोलीचा.
लुनाला बिस्किटांचा पत्र्याचा डबा बांधून
ते एका दुपारी नदी ओलांडून गेले,
थेट रतन्याआज्याच्या अंगणात.
चपला लांब काढल्या. म्हणाले,
"नांगराच्या त्या खालच्या खुंटीला काय म्हणतात?
आमच्याकडचे विसरले. तुमच्याकडे असेल."

आजा बराच वेळ कोंबड्यांकडे बघत राहिला.
मग शब्द दिला.
मग पाणी दिलं.

असे ते अकरा वर्षं शब्द मागत हिंडले.
भांडण जितकं जुनं, तितका अवघड शब्द निवडायचे,
एका बैठकीत न संपणारा.
पेरणीचे, बाळंतिणीचे, ओढ्यातल्या खेकड्यांच्या जातींचे,
व्याऱ्याच्या आत्याकडून तर शिव्या.
त्या त्यांनी ग्रीक लिपीत उतरवल्या,
आणि काकूने तरीही ओळखल्या, त्यांच्या कानांच्या रंगावरून.

दोन घरांनी दोन वेगळे शब्द सांगितले
की "त्यांचं चुकतंय" म्हणत दोघेही तावातावाने येत,
नेमके एकाच रविवारी, उपासनेनंतर, आमच्या ओट्यावर.
बोलावणं कुणी धाडलं होतं, ते कुणी विचारत नसे.
काका दोन्ही शब्द एकाच कार्डावर लिहीत,
खाली रेघ ओढत, आणि आत हाक देत.
तुरीचं वरण पातळ होत गेलं,
पंगत लांबत गेली.

मयतीला रतन्याआज्याचा नातू खांद्याला होता.
ढोल आणायचा की नाही, यावर थोडी कुरबुर झाली.
(आणला नाही. पण ढोलवाला आला, आणि शेवटपर्यंत थांबला.)
स्तोत्र संपलं, तेव्हा पलीकडच्या बायकांनी
त्यांच्या चालीत रडणं धरलं.
कुणी अडवलं नाही.
मातीबरोबर कुणीतरी ओंजळभर मोहाची फुलं टाकली.
त्याच झाडाची असावीत.

डबा आता माझ्याकडे आहे, सुरतेत, फ्रिजवर.
चार हजारांवर कार्डं.
अर्ध्यांच्या पाठीवर शिसपेन्सिलीने नुसती माणसं:
"गुलजी. दमा आहे, थंडीत जाऊ नये."
"मथीबाई. दुपारी झोपते. चारनंतर."
"सामसन, उकाई. धाकट्याशी बोलत नाही. माशांची नावं दोघांनाही येतात."

काल रात्री मी त्यात एक शब्द शोधत होते,
भलताच, ज्वारीच्या राखणीतला,
आणि मध्येच हाताला हे लागलं.
पुढची बाजू कोरी.
मागे:

"रिबका. लग्न करून गेल्यापासून फोन उचलत नाही.
काहीतरी अवघड विचारणे."

तारीख जानेवारीची.