उपयोजन

सर म्हणाले, व्याख्या नकोत, मला पाठ आहेत.
एक घटना घ्या, तिच्या अंगावर सिद्धांत चढवून बघा
बसतो का, की काखेत काचतो.

मी घेतली सावद्याची केबलचोरी.
विहिरीवरची चाळीस फूट वायर,
जाळून काढलेलं तांबं, भंगारवाल्याची वही.
पहिल्या पानावर धाक :
शिक्षेची खात्री असली की माणूस कचरतो.
दुसऱ्यावर संधी :
भारनियमन, केळीच्या बागेतला गच्च काळोख,
राखणदार वाघोद्याला हळदीला गेलेला.
कलमं घातली. तळटीपा दिल्या.
आरोपीचं वय, आरोपीचं शिक्षण,
आरोपीकडे मिळून आलेली पक्कड.
फैजपूरच्या एसटीत गुडघ्यावर ठेवून तपासलं,
कुठे माया दिसत नव्हती.

निबंध परत आला. वीसपैकी अकरा.
तिसऱ्या पानावर एका शब्दाला लाल गोल,
समासात : हा कोण?

मी लिहून गेले होते
'घटनेच्या रात्री लोटनला ताप होता.'

सातवीपर्यंत माझ्या मागच्या बाकावर.
भूमितीची पेटी माझीच वापरायचा,
कर्कटक अजून त्याच्याकडेच असेल.
त्याची आई ठाण्याच्या पायरीवर
येईल-जाईल त्याला सांगत होती,
पोराले ताप होता वं, अंगाले हात लावून पाहा.
पंचनाम्यात ते नाही.

सोमवारपर्यंत पुन्हा लिहायचंय.
पहिली ओळ तीच ठेवलीय.
खाली अजून काही बसत नाही.