दोन स्टोन

इथं माणसाचं वजन दगडांत सांगतात.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसू आलं होतं:
तुझे तेरा, बाई म्हणाली,
जणू कुणी एकेक अंगावर रचत गेलं
आणि मला कळू दिलं नाही.

पोर्ट टॅल्बटमध्ये, बंद पडलेल्या गालिच्यांच्या दुकानात
दर गुरुवारी सहाला ग्लेनिस काटा मांडते.
तिची पद्धत अशी: जिभेखाली नऊ थेंब, सकाळ-संध्याकाळ,
दिवसभरात दोन टोस्ट, एक सफरचंद, तळहाताएवढा मासा,
आणि चाळीस दिवस प्रश्न विचारायचे नाहीत.
थेंबांत काय आहे?
नळाचं पाणी आणि ग्लेनिसचा आत्मविश्वास, गॅरेथ म्हणतो.
गॅरेथ बस चालवतो. त्याला गुडघा बदलून हवाय,
आणि सर्जन म्हणतो, आधी पोट.

मी नर्स. मला कळायला हवं होतं.
रात्रपाळीत दुसऱ्यांच्या सलाइनचे थेंब मोजणारी मी
पहाटे पार्किंगमध्ये, गाडीच्या आरशात जीभ उचलून
स्वतःचे नऊ मोजत होते,
तीर्थ घ्यावं तशी;
ओला हात डोक्यावरून फिरवायचा तेवढा बाकी.

तिसऱ्या दिवशी डोकं दुखलं. सातव्या दिवशी थांबलं.
अकराव्या दिवशी बंद डब्याच्या झाकणातून
कुणी काय आणलंय ते कळू लागलं.
एका म्हाताऱ्याचा रक्तदाब लिहिताना
पेन थबकलं:
एकशेतीस बाय शेवभाजी.

आई व्हिडिओवर म्हणाली, किती वाळलीस गं,
तिकडं जेवायला मिळत नाही का?
आमच्या अमळनेरात तब्येत सुधारली
म्हणजे माणूस जाड झाला,
आणि मूठभर मांस चढतं ते कौतुकानं.
उतरतं कशानं, ते मला आठवेना.

चाळिसाव्या दिवशी काटा म्हणाला, दोन गेले.
टाळ्या.
ग्लेनिसची रीत अशी, की जेवढं गेलं
तेवढं उचलून खोलीभर चालायचं,
म्हणजे समजतं, आपण काय वागवत होतो.
तिनं बटाट्यांचं पोतं पुढं केलं.
गॅरेथनं मागं ते छातीशी धरलं होतं, ढाल जिंकल्यासारखं.

मी उचललं
आणि ते आपसूक कडेवर गेलं.
कंबर बाजूला सरकली, डावा हात खालून वळला,
उजवा उगीचच त्याच्या पाठीवर.
बारा किलो सातशे.

अंगणवाडीतला झोळीचा काटा. फोनवर आई:
बारा सातशे भरला, छान आहे पोरगं, तू काळजी करू नकोस,
आणि मी इथल्या होस्टेलच्या जिन्यात उभी,
आकडा डायरीत उतरवून घेणारी.
पुढचेही आहेत. तेरा शंभर. तेरा सहाशे. चौदा.
सौमित्र विमानातून उतरला तेव्हा अठराचा होता
आणि त्याला चालतच यायचं होतं.

बस झालं, ग्लेनिस म्हणाली, ठेव आता.
मी अजून एक फेरी मारली.
मग आणखी एक.

पोतं मी विकतच घेतलं.
रात्रीची बस गॅरेथचीच होती.
त्यानं माझ्याकडं पाहिलं, कडेकडं पाहिलं, म्हणाला,
पाचाखालच्यांना तिकीट नाही.

घरी सौमित्र, वय पंधरा, फ्रीजमध्ये डोकं.
एवढे बटाटे? काचऱ्या कर ना.
केल्या. हिंग, मोहरी, जास्त तेल.
तो उभ्यानंच खात होता, कढईतून.
मी म्हटलं, काट्यावर चढ जरा.
आई, काहीतरीच.
पण चढला, तोंडात घास तसाच.
दहा स्टोन, म्हणाला.

पाच पोती.

थेंबांची बाटली खिडकीत आहे, अर्धी.
कढईच्या कडेला करपलेल्या दोन काचऱ्या राहिल्या होत्या,
त्या मी नखानं सोडवल्या.
गुरुवारचं गुरुवारी बघू.