क्रियापद

बुधवार, दुपारचे तीन. डुलूथ.
खिडकीबाहेर सुपिरिअर इतकं गोठलेलं
की सरोवर कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं
हे ठरवायला उपसमिती नेमावी लागेल.

आम्ही नऊ जण, एक लांबट टेबल,
कॉफीचा थर्मास, ज्याचं झाकण
मागच्या सत्रापासून नीट बसत नाही.
विषय क्रमांक पाच:
भूशास्त्र चौतीस-सतरा, ‘सरोवराचा हिवाळा’,
तीन क्रेडिटांचे चार.
विभागाची सही आहे, डीनची आहे,
ग्रंथालयाचं ‘हरकत नाही’ आहे,
नववी चौकट तेवढी रिकामी होती,
ती कोणीतरी हिरव्या शाईने भरली आहे.

अध्यक्ष सिग्ने टॉर्केल्सन चष्मा कपाळावर सरकवतात.
‘पहिल्याच उद्दिष्टात लिहिलंय,
विद्यार्थ्याला बर्फ समजेल.
समजणं चालत नाही आपल्याकडे.
मोजता येत नाही ते.’
मान्य क्रियापदांची यादी मागच्या पानावर आहे:
वर्णन करील, तुलना करील,
वर्गीकरण करील.

इतिवृत्ताची पाळी माझी.
‘समजणे: हरकत’ एवढं लिहिते
आणि पेन थांबतं.
माझ्याकडे नुसतं समजणं कुठे आहे?
कळणं आहे, उमजणं आहे,
फार उशिरा, भांडी घासताना वगैरे, उमगणं आहे,
आणि कळतं पण वळत नाही, ते तर
साऱ्या घराण्याचं प्रगतिपुस्तक.

बाबा परभणीत आठवी ‘ब’ला बीजगणित शिकवायचे.
खडू खाली ठेवून विचारायचे, ‘समजलं?’
पत्रे उडतील असा ‘हो’ यायचा.
मग ते म्हणायचे, ‘बरं.
आता नाही समजलं ते सांगा.’
आणि पंख्याचा आवाज ऐकू यायला लागायचा.
मी तिसऱ्या बाकावर. मीही ‘हो’ म्हटलेलं असायचं.

वॉल्टर पेल्टोला पार्का न काढताच बसले आहेत.
एकोणतीस हिवाळे शिकवतात हा विषय.
डाव्या करंगळीचं एक पेर नाही त्यांना;
कोणी विचारत नाही, ते सांगत नाहीत.
वाटलं होतं, आता वाद घालतील.
त्यांनी फॉर्म जवळ ओढला,
ती ओळ खोडली,
वर काहीतरी लिहिलं, आणि वाचून दाखवलं:
‘विद्यार्थी बर्फावर जाईल
आणि परत येईल.’

रजिस्ट्रार कचेरीची लोर्ना विचारते,
‘पण हे तपासणार कसं?’
‘मोजून,’ पेल्टोला म्हणतात.
‘जाताना किती होते.
येताना किती आहेत.’

कोणीतरी हसायला सुरुवात केली आणि अर्ध्यात सोडली.
विमा कचेरीला विचारावं का, असं कोणीतरी पुटपुटलं.
संगीताचे ब्रॅम्हॉल यांनी अनुमोदन दिलं.
विद्यार्थी प्रतिनिधी मारिसोल हिला मत नसतं,
तरी तिचा हात वर गेला
आणि खाली घेताना तिने केस सारखे केले.
सहा बाजूने, विरोधी शून्य,
रसायनशास्त्र तटस्थ. रसायनशास्त्र नेहमीच तटस्थ.

मी लिहिलं: किरकोळ शाब्दिक दुरुस्तीसह मंजूर.

आता सिनेट. पहिलं वाचन, दुसरं वाचन,
मग कॅटलॉग, तोही पुढच्या नाही,
त्याच्या पुढच्या शरद सत्राचा.
पेल्टोला मे महिन्यात निवृत्त होतायत.
सगळ्यांना माहीत आहे.
त्यासाठी फॉर्मवर चौकट नाही.

विषय क्रमांक सहा, नर्सिंग, अभ्यासक्रम क्रमांकात बदल.
सिग्ने पान उलटतात.
तेवढ्यात बाहेर आवाज होतो,
जाड चादर फाडावी तसा,
या काठाकडून थेट विस्कॉन्सिनकडे पळत गेलेला.
आम्ही सगळे खिडकीकडे बघतो.
पेल्टोला बघत नाहीत.
ते पार्काची चेन लावतायत,
एक पेर कमी असलेल्या हाताने,
जरा वेळ लागतो.