निदान एवढा वेळ

लेस्टरला, फ्रॉग आयलंडवरच्या होजिअरीत,
सत्त्याण्णवच्या नोव्हेंबरात
मला हवे होते तीन मिलिसेकंद.
सुई उचलायची, तीन मिलिसेकंद धरायची, सोडायची.
उशीर झाला की टाका सुटतो
आणि मोज्याच्या घोट्यावर एक बारीक खिडकी पडते.

यूस्लीप, कंसात तीन हजार.
कर्नलने दिले वीस हजार.
मॅन्युअल उघडलं, तर तिथे स्वच्छच होतं:
निदान एवढा वेळ.
मिरजेचा आमचा टेलर असाच सांगायचा, बुधवारी या.
कुठल्या, ते त्याचं त्याला ठाऊक.

डेरेक ऑल्सॉप यंत्राच्या पत्र्याला कान लावतो.
‘उशीर, मी डक,’ म्हणतो.
(पहिला आठवडाभर मला वाटे,
हा स्वतःलाच बदक म्हणवतो.)

मग रिकामा लूप. साठ हजारांपर्यंत मोज,
काही करू नकोस, नुसतं मोज.
कंपायलरने पाहिलं, यातून निष्पन्न काहीच नाही,
आणि आख्खा लूप पुसून टाकला.
व्होलाटाइल लिहून त्याची समजूत काढली,
तर वरच्या मजल्यावरच्या नव्या मशीनवर
तीच मोजणी निम्म्या वेळात उरकली.

नॅनोस्लीपनेही टाके सुटतच राहिले,
पण तिचं एक आवडलं:
सिग्नलने मध्येच उठवलं
तर उरलेली झोप ती मोजून परत देते,
सेकंद वेगळे, नॅनोसेकंद वेगळे,
सुट्ट्या पैशांसारखी हातावर.
आमच्या आईला पहाटे चारला नळ उठवायचा.
तिचा हिशेब कुणाकडे राहिला कोण जाणे.

शेवटी रात्री साडेनऊला जमलं ते असं:
प्रोसेसला रांगेबाहेरची रिअल-टाइम जागा,
आणि हेक्समधल्या ऐंशी नंबरच्या पोर्टवर,
जिथे कुणी राहत नाही,
एक बाइट टाकायचा.
जाऊन यायला मायक्रोसेकंदभर लागतो.
म्हणजे एका सुईसाठी
तीन हजार वेळा बंद दाराची कडी वाजवायची.

डेरेकने चहाचा मग खाली ठेवला. ऐकलं.
मोजा उतरला तो मुठीवर चढवून
ट्यूबलाइटसमोर धरला, फिरवला, पुन्हा फिरवला.
खिडकी नव्हती.

कोट घालताना मात्र विचारलंच त्याने,
एवढं ठोठावतेस, आतून कुणी
ओ देतं का?
नाही, म्हटलं.
ओ आली असती तर वेळ चुकली असती.