खाली ठेवणे

हॉइकमध्ये, जनावरांच्या दवाखान्यात,
काउंटरवर हलिना नवी आहे.
युक्रेनहून आणलेल्या वहीत तिनं लिहिलंय
'पुट डाउन':
फोन ठेवणे. बंड मोडणे. नाव लिहून घेणे.
घरासाठी विसार देणे.
चारचौघांत पाणउतारा करणे.
हा शेवटचा तिला मासळीच्या कारखान्यात
शिकवणीशिवायच कळला होता.

सकाळी रॉबसन आला, मेंढपाळ, सत्तरीचा,
हातांवर कुत्री, ओल्या लोकरीच्या वासाची.
म्हणाला, पुट डाउन करायचंय हिला.

हात भरून आले असतील बिचाऱ्याचे.
लगबगीनं तिनं घोंगडी अंथरली,
"ठेवा की. इथे, हीटरजवळ."

तो उभाच.
"चौदा वर्षं मेंढ्या वळल्या हिनं,"
म्हणाला,
आणि कुत्रीला आणखी जवळ घेतलं.

मग तिला कळलं.
रजिस्टर उघडून, मान वर न करता
तिनं विचारलं, नाव?
"टिब."
तिनं लिहून घेतलं.
यालाही तेच म्हणतात.

फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही.

दुपारी तो निघाला तेव्हा
हात तसेच होते, कोपरात वाकलेले,
काहीतरी अजून
खाली ठेवायचं राहिल्यासारखे.