अठ्ठाविसावा दिवस

औसा रोडला, टायरच्या दुकानामागे आमची लॅब.
माझं काम तोडायचं.
साइटवरून ठोकळे येतात, सहा इंची,
ओल्या गोणपाटात, मोईनच्या मोटारसायकलवर.
वर खिळ्यानं कोरलेली तारीख,
कुणी तारखेशेजारी बाण काढतं, कुणी बदाम,
एकदा नुसतंच ‘सुरेखा’.
अठ्ठावीस दिवस पाण्यात राहून
सुरेखा सहाशे दहाला फुटली.
मी रजिस्टरात लिहिलं, समाधानकारक.

हल्ली ठोकळ्यांचा रंग बदललाय.
परळीची राख, खदानीचा चुरा,
कुठल्याशा पाडलेल्या गोदामाचा स्लॅब दळून केलेली खडी.
नदीची वाळू, असं लिहिलेला
यंदा एकही आला नाही.
परवा एक पांढरा ब्लॉक टाकीत सोडला
तर तरंगायलाच लागला.
काझी सर चष्मा वर करून म्हणाले,
बघा बरं, ह्याच्यावर नाव कुणाचं लिहिलंय?

यल्लप्पा मुदगुले आले तेव्हा लाइट नव्हती.
दाराशी बसून राहिले दोन तास,
मांडीवर पोतं.
पोत्यात काळा दगड, सहा इंची, सहाही बाजूंनी
असा घडवलेला की गुण्या लावायला लाज वाटावी.
आणि बिस्किटाच्या डब्यात मातीचं ढेकूळ,
करवतीच्या पात्यानं कसंबसं चौकोनी केलेलं.

तेरणेकाठच्या एका गावाचं नाव त्यांनी घेतलं,
जे त्या पहाटेनंतर दुसऱ्या जागी वसलं.
“तितल्या भिती माज्या हातच्या हुत्या, माय.
तीन हात रुंद.
तीस वरसं झाली, इचारायचं हुतं कुनाला तरी.
दाबून बग.”

दगड ठेवला. पंप सुरू केला.
पाचशे. हजार. पंधराशे.
दोन हजारावर काटा थांबला.
ती दगडाची हद्द नव्हे, मशीनची.
मग माती ठेवली.
काटा उठला की नाही, मला नक्की सांगता येणार नाही.

ते बराच वेळ त्या पसरलेल्या मातीकडे बघत राहिले.
मग म्हणाले, “ह्येची पावती मिळंल का?”
मातीसाठी आमच्याकडे रकाना नाही.
मी लेटरहेडवर लिहिलं: दगड, एक नग. फुटला नाही.
त्यांनी घडी करून टोपीत ठेवली,
दगड पोत्यात घालून घेऊन गेले.
माती राहिली.
मी झाडू आणला, आणि परत ठेवून दिला.
हातानंच गोळा केली.

एप्रिलात औशाच्या पुढे
शाळेची खोली छापायला घेतली.
छापायला, बांधायला नाही.
ट्रेलरवरून मशीन आलं, गावानं नारळ फोडला,
नळीतून कुरडई पडावी तसा माल पडत गेला,
थरावर थर, ना विटा, ना फळ्या, ना ओळंबा.
चार दिवसांत भिंती उभ्या. पोरं मोजत बसलेली.

त्या भिंतीतून कापलेले ठोकळे माझ्याकडे आले.
वरून दाबले, सातशेच्या पुढे गेले.
अन्वित म्हणून पुण्याचा इंजिनिअर सोबत होता,
त्यानं फोटो काढला, कुणाला तरी पाठवला.
एक ठोकळा उरला होता.
का कोण जाणे, मी तो कुशीवर ठेवला.
दोनशेचाळीसला आवाज झाला, साधाच,
पापड मोडल्यासारखा,
आणि तो उघडला
तिसऱ्या आणि चौथ्या थराच्या मधून,
सरळ, वहीचं पान उलटावं तसा.
दोन्ही थर शाबूत.

“पण मॅडम,” अन्वित म्हणाला,
“भिंतीवर वजन वरूनच येतं ना.”

मी म्हटलं, बहुतेक वेळा.

त्यानं वय सांगितलं नव्हतं, पण पंचविशीच्या आतलाच.
त्याच्यासाठी चहा मागवला.
मग पट्टी घेऊन रजिस्टरात
एक नवा रकाना आखला,
शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसले,
आणि मोईनला सांगितलं, पुढच्या खेपेला
दुप्पट ठोकळे आण.