ऐकीव

पांढरा शर्ट एकच आहे.
रात्री धुऊन पंख्याच्या पात्याला टांगते.
पंखा फिरत नाही ते एका परीनं बरंच.
सकाळी हर्माटनची धूळ
माझ्याआधी कॉलरवर येऊन बसलेली असते,
पहिल्या बाकावरच्या हुशार पोरासारखी.
काळा स्कर्ट एनुवाचा.
आमचे तास वेगवेगळ्या वेळी असतात
म्हणून दोघीही वकील होणार.

कोर्स पाच वर्षांचा. माझं हे सातवं.
मधे आठ महिने प्राध्यापकांचा संप,
तेव्हा मी वुरुकुमच्या बाजारात आईशेजारी बसून
संत्री सोलत होते.
वरची हिरवी साल फक्त, पातळ, एकसंध,
तुटली की आई नुसती बघायची.
गिऱ्हाईक म्हणायचं, काय वकीलबाई, आमची केस घेणार का?
घेईन की. आधी सुटे पैसे काढा.

आज पुराव्याचा कायदा.
हॉल शंभरांचा, पोरं दोनशे ऐंशी.
डॉक्टर अकाहान फळ्यावर एक ओळ लिहितात
आणि निकाल लागल्यासारखे हात झटकतात:
ऐकीव तो पुरावा नव्हे.
जो बोलला त्यानंच यावं,
पिंजऱ्यात उभं राहावं, उलटतपासणी सोसावी.
खिडकीबाहेर उभी असलेली पोरंसुद्धा
एकमेकांच्या पाठीवर वही टेकून
उतरवून घेतात.

मी लिहिलं नाही.

ओढ्यापासून दगडापर्यंतची आमची जमीन,
यामच्या कंदांसाठी घातलेले मातीचे ढीग,
त्यांवर आता काकाची माणसं कुदळ चालवतात.
काका म्हणतो, ही तुमच्या आजोबांना नुसती कसायला दिली होती.
त्याला कुणी सांगितलं? थोरल्या आजोबांनी.
आई म्हणते, आपलीच आहे.
तिला बाबांनी सांगितलं,
बाबांना त्यांच्या बाबांनी,
त्यांना कुणीतरी, झाडाखाली, दारू पिऊन.
आमचे सगळे साक्षीदार
मातीखाली आहेत. त्याच मातीखाली.

रात्री वीज गेली.
होस्टेलभर एकच उसासा उठला, मग शिव्या, मग
पलीकडच्या इमारतीत कुणाचातरी जनरेटर.
मोबाईलच्या उजेडात, अकरा टक्क्यांत,
मी झेरॉक्सची पानं उलटत होते,
आणि एका फिकट पानाच्या तळाशी, शाई जिथं संपत आलेली,
तिथं तो अपवाद सापडला:
जमिनीच्या मालकीचा वाद असेल
तर कुळात पिढ्यान्पिढ्या सांगत आलेली गोष्ट
कोर्ट ऐकून घेईल.
ऐकून घेईल.
मी एनुवाला हलवून उठवलं. ती म्हणाली,
परीक्षेत येणार आहे का हे?

आईला फोन लावला. पहिला शब्द,
कोण गेलं?
कुणी नाही गं. ती गोष्ट सांग. झाडाची.
मध्यरात्री? शंभरदा ऐकलीयस तू.
ऐकलेलीच हवीय, म्हटलं.

मग ती सांगू लागली, आधी झोपेत, मग जागेपणी.
पणज्यानं ओढा कसा ओलांडला,
कुणाची बकरी कापली, दगड कुणी रोवला,
टोळदाण्याच्या झाडाखाली पाण्याचा शब्द कसा दिला.

थांब. मागे तू आंब्याचं झाड म्हणाली होतीस.

पलीकडे बराच वेळ नुसती हवा.
आंबा नंतरचा असेल, ती म्हणाली.
मग जरा करड्या आवाजात:
तुझ्या बापाला तिथंच पुरलंय ना मी?
अजून किती पुरावा पुरायला हवा?

तीन टक्के.
मी वहीत सगळं उतरवलं, तारखेसकट,
ओढा, बकरी, दगड, शब्द.
झाडाच्या नावापुरती जागा
कोरी सोडली.